उमेदवाराचे विधान आणि मतदाराचा कौल

जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे तीस किलोमीटर अंतरावर बस्सी हे तहसिलीचे गाव लागते. राजस्थान विधानसभेचा हा एक मतदारसंघ असून तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. २००८, २०१३ आणि २०१८ या लागोपाठच्या तीन निवडणुकांत येथील मतदारांनी अपक्ष उमेदवाराला निवडून दिले. जेथे दोन मोठे पक्ष वर्षानुवर्षे आळीपाळीने सत्तेवर येत आले, त्या राज्यात ही गोष्ट नजरेत भरण्यासारखी आहे. येथला मतदार चिन्हापेक्षा माणूस पाहतो, असा तिचा एक अर्थ होतो. अर्थात माणूस पाहताना तो त्याची जात, नातेगोते आणि अडल्यानडल्या वेळचा उपयोगही पाहतो, हे वेगळे सांगावयास नको. तथापि अशा मतदारसंघात उमेदवार सभेत काय बोलतो याला विशेष वजन असेल, असे आपण सहज गृहीत धरतो.

गर्भपाताच्या प्रश्नापुरते हे गृहीत खरे ठरत नाही. बस्सीत किंवा आपल्या देशातील अन्य कोणत्याही मतदारसंघात गर्भपाताविषयीच्या एखाद्या विधानामुळे उमेदवार पडला, असे उदाहरण प्रस्तुत लेखकाला तरी ठाऊक नाही. याउलट अमेरिकेत एका वाक्याने सिनेटची जागा गेली. एकच विषय एका ठिकाणी निवडणूक फिरवतो आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्या आसपासही फिरकत नाही, असे का व्हावे? हा प्रश्न समजून घेण्यासाठी प्रथम अमेरिकेतील मिसूरी राज्यात जाणे इष्ट होईल.

२०१२ साली मिसूरीतून सिनेटची एक जागा निवडली जावयाची होती. ही जागा डेमोक्रॅटिक पक्षाच्या श्रीमती क्लेअर मॅकॅस्किल यांच्याकडे होती. राज्याचा कल तोवर रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेला होता आणि त्यांची जागा धोक्यात आहे असेच सर्वत्र मानले जात होते. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवीत नाहीत, तो प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवितात. रिपब्लिकनांच्या प्राथमिक निवडणुकीत तीन प्रमुख इच्छुक होते. त्यांपैकी टॉड एकिन हे सर्वांत कडवे आणि म्हणूनच सर्वांत सोपे प्रतिस्पर्धी, असा मॅकॅस्किल यांचा हिशेब होता. त्यांच्या प्रचारयंत्रणेने सुमारे १७ लाख डॉलर खर्च करून एकिन हे ‘फारच सनातनी’ आहेत अशा जाहिराती केल्या. वरवर पाहता ही टीका होती, परंतु रिपब्लिकन मतदारांच्या कानी ती शिफारशीसारखी पडली. ७ ऑगस्टला एकिन सुमारे ३६ टक्के मतांनी उमेदवार झाले. प्रतिपक्षाचा उमेदवार आपण निवडावयाचा, ही युक्ती आपल्याकडील मुरब्बी राजकारण्यांनाही अपरिचित नाही. फक्त आपल्याकडे ती जाहिरातीने न होता बंडखोर उभा करून केली जाते.

पुढे बारा दिवसांनी, १९ ऑगस्टला, सेंट लुइसच्या एका दूरचित्रवाणी केंद्रावर एकिन यांची मुलाखत प्रसृत झाली. बलात्कारातून गर्भ राहिला तर गर्भपाताची मुभा असावी काय, असा प्रश्न होता. डॉक्टरांकडून आपण असे ऐकले आहे, की बलात्कार जर ‘खरा’ असेल तर स्त्रीचे शरीर गर्भधारणा रोखण्याचा मार्ग स्वतःच काढते आणि अशी गर्भधारणा फार क्वचित होते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ‘खऱ्या’साठी त्यांनी जो शब्द वापरला, त्याचा अर्थ ‘वैध’ असाही होत असे.

या उत्तरात दोन चुका होत्या आणि त्यांचे स्वरूप भिन्न होते. पहिली शास्त्रीय. गर्भधारणा ही स्त्रीच्या संमतीवर अवलंबून नसते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात प्रजननक्षम वयाच्या बलात्कारपीडित स्त्रियांत गर्भधारणेचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले होते. एकिन यांची समजूत मात्र त्यांनी त्या क्षणी रचलेली नव्हती. अठराव्या शतकातील इंग्रजी वैद्यकीय न्यायशास्त्रात ती आढळते, आणि विसाव्या शतकात गर्भपातविरोधी चळवळीतील डॉ. जॉन विल्की यांनी तिचा पुरस्कार केला होता. दुसरी चूक अधिक खोल होती. बलात्कार ‘खरा’ असेल तर गर्भ राहत नाही असे मानले, की गर्भ राहिला याचाच अर्थ बलात्कार खरा नव्हता असा निष्कर्ष आपोआप निघतो. म्हणजे जिच्यावर आघात झाला तिलाच तिचे शरीर खोटे ठरविते. शास्त्रातील चुकीबद्दल मतदार कदाचित क्षमा करतो, कारण तोही शास्त्र विसरलेला असतो. परंतु ही दुसरी गोष्ट प्रत्येक घरातील आई, बहीण आणि मुलगी यांना थेट लागू पडत होती.

यानंतर जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने मूळ विधानाइतकेच महत्त्वाचे आहे. त्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांनी एकिन यांना माघार घेण्यास सांगितले. पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षांनी तेच सांगितले. सिनेटच्या निवडणुकांसाठी पैसा पुरविणाऱ्या पक्षसंस्थेने आणि बाहेरच्या धनवान गटांनी हात आखडता घेतला. मिसूरीच्या कायद्याप्रमाणे उमेदवाराला २१ ऑगस्टच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत सहज माघार घेता येत होती. त्यानंतर न्यायालयाची परवानगी घेऊन २५ सप्टेंबरपर्यंत. एकिन यांनी जाहिरातीद्वारे क्षमा मागितली, आपण चुकीचे शब्द वापरले असे सांगितले, परंतु दोन्ही मुदती जाऊ दिल्या. दुसरी मुदत टळल्यावर काही रिपब्लिकन नेते त्यांच्या पाठीशी परत आले, पण तोवर पाच आठवडे निघून गेले होते. मतदाराला अन्य काही ऐकविण्याची संधी या पाच आठवड्यांत त्यांना मिळालीच नाही.

विधानामुळे निकाल बदलला असे म्हणणे सोपे आहे. ते दाखविणे अवघड असते. निवडणूक ही प्रयोगशाळा नव्हे. तीच निवडणूक त्या वाक्याशिवाय पुन्हा घेऊन पाहता येत नाही. परंतु मिसूरीत योगायोगाने एक चांगली मोजपट्टी हाती आली. ६ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच मतदारांनी, त्याच मतपत्रिकेवर, अध्यक्षपदासाठीही मत दिले. तेथे रॉम्नी यांना सुमारे ५३.८ टक्के आणि बराक ओबामा यांना ४४.४ टक्के मते पडली. सिनेटसाठी मात्र मॅकॅस्किल यांना ५४.८ टक्के आणि एकिन यांना ३९.१ टक्के. उरलेली सुमारे ६ टक्के मते लिबर्टेरियन या छोट्या पक्षाच्या उमेदवाराला गेली. संख्येत सांगावयाचे तर ज्यांनी रॉम्नींना मत दिले त्यांच्यापेक्षा एकिन यांना मत देणारे चार लाखांहून अधिक कमी होते.

हे चार लाख कोठे गेले? मॅकॅस्किल यांना ओबामांपेक्षा सुमारे २ लाख ७० हजार मते जास्त मिळाली. छोट्या पक्षाच्या उमेदवाराला एक लाख पासष्ट हजारांवर मते पडली. यावरून असे दिसते, की स्वपक्षाच्या उमेदवारावर रुष्ट झालेला मतदार दोन निरनिराळ्या मार्गांनी जातो. काही जण थेट विरोधकाला मत देतात. ज्यांना ते जड जाते ते तिसऱ्याच्या नावापुढे खूण करून आपली नाराजी नोंदवितात. पक्षनिष्ठा बदलणे म्हणजे जणू सोयरीक मोडणे. ती एका वाक्याने मोडत नाही, पण एका दिवसापुरती माणसे पंगतीतून उठून जाऊ शकतात.

तरीसुद्धा हा संपूर्ण फरक त्या एकाच वाक्याच्या खात्यावर मांडणे योग्य होणार नाही. मॅकॅस्किल या विद्यमान सिनेटर होत्या आणि प्रचारात तरबेज होत्या. एकिन हे विधानाआधीही कच्चे उमेदवार होते, निदान प्रतिपक्षाचा तसा अंदाज होता. परंतु ऑगस्टच्या प्रारंभी झालेल्या जनमत चाचण्यांत ते पुढे किंवा बरोबरीत होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

त्याच वर्षी इंडियाना राज्यात याची धाकटी आवृत्ती घडली. रिचर्ड मर्डॉक यांनी २३ ऑक्टोबरच्या वादसभेत असे म्हटले, की बलात्काराच्या भीषण प्रसंगातून जरी जीव निर्माण झाला तरी ते ईश्वरी योजनेनुसारच घडलेले असते. येथे शास्त्रीय चूक नव्हती. होती ती श्रद्धा, आणि ती अनेक मतदारांचीही होती. तरीही मतदान दोन आठवड्यांवर असताना ते विधान भोवले. रॉम्नी यांनी इंडियाना सहज जिंकले, मर्डॉक मात्र ४४ टक्क्यांवर थांबले आणि हरले.

या दोन उदाहरणांवरून कोणी असा नियम काढील की गर्भपाताविषयी कठोर बोलणारा उमेदवार हरतोच, तर तो फसेल. ३० मार्च २०१६ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात, गर्भपातावर बंदी आल्यास तो करून घेणाऱ्या स्त्रीला काही ना काही शिक्षा असावी, असे म्हटले आणि त्याच दिवशी ते मागे घेतले. नोव्हेंबरात ते अध्यक्ष झाले. मतदानाला सात महिने अवकाश होता, इतर वाद रोज नवे निघत होते, आणि मुख्य म्हणजे पक्षाने त्यांना एकटे पाडले नाही. मिसूरीतही वाक्याचा परिणाम कायमचा ठरला नाही. २०१८ मध्ये मॅकॅस्किल रिपब्लिकन पक्षाचे जॉश हॉली यांच्याकडून पराभूत झाल्या. तेव्हा विधान किती जखमी करील हे केवळ त्याच्या आशयावर ठरत नाही. ते मतदानाच्या किती आधी केले, ते मागे घेण्याची वाट मोकळी होती काय, स्वपक्षीयांनी काय केले आणि मतदाराच्या मनात आधीपासून जी शंका होती तिला त्याने दुजोरा दिला काय, या सर्वांवर ते अवलंबून असते.

मतदार उमेदवार आणि प्रश्न यांच्यात भेद करू शकतो, याचे प्रत्यंतर मिसूरीनेच पुढे दिले. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा गर्भपाताचा हक्क मान्य करणारा निर्णय रद्द केला आणि मिसूरीत जवळजवळ संपूर्ण बंदी अमलात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील मतदारांनी ट्रम्प यांना सुमारे अठरा टक्क्यांच्या आघाडीने विजयी केले आणि त्याच दिवशी राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क समाविष्ट करणारी दुरुस्तीही सुमारे ५१.६ टक्के मतांनी संमत केली.

आता आपल्याकडे वळू. मिसूरीत ज्या प्रश्नाने उमेदवार बुडाला, तो प्रश्न भारताच्या संसदेने १९७१ सालीच निकालात काढला होता. १९६४ मध्ये केंद्र सरकारने महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालाच्या आधारे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि तो १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. गर्भ बलात्कारातून राहिला असे स्त्रीने सांगितले, तर त्यामुळे तिला होणारा मनस्ताप हा तिच्या मानसिक आरोग्याला झालेला गंभीर अपाय समजावा, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. बलात्कार ‘खरा’ की खोटा याची शहानिशा डॉक्टरने करावयाची नाही. २०२१ च्या दुरुस्तीने अशा व अन्य काही स्त्रियांसाठी मुदत २० आठवड्यांवरून २४ आठवड्यांपर्यंत वाढविली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही तिचा लाभ दिला. ज्या वर्षी एकिन यांचे विधान गाजले, त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला मूळच्या बेळगावच्या असलेल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा आयर्लंडमध्ये मृत्यू झाला. गर्भ वाचणार नाही हे दिसत असतानाही तेथील रुग्णालयात गर्भपात नाकारण्यात आला होता. आयर्लंडने आपल्या घटनेतील बंदी २०१८ च्या सार्वमताने उठविली.

आपला कायदा उदार आहे याचा अभिमान बाळगताना एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तो स्त्रीचा हक्क म्हणून मागितला गेला नव्हता आणि म्हणून दिलाही गेला नव्हता. आरोग्य आणि लोकसंख्या ही त्याची दोन अंगे होती. सभासभांतून त्याच्यावर वादंग झाले नाहीत, पक्ष दुभंगले नाहीत, आणि त्यामुळे मतदारानेही या विषयावर उमेदवाराची परीक्षा घेण्याची सवय लावून घेतली नाही. १९७७ साली मतदाराने अपत्यांच्या प्रश्नावर सरकार उलथून टाकले हे खरे, पण ते कोणाच्या बोलण्यामुळे नव्हे. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. राजस्थानातील लोकसभेच्या २५ जागांपैकी काँग्रेसला एकच राखता आली. तेथे अनुभव बोलला. भाषणाची गरज उरली नव्हती.

विधानांचा भारतातील अनुभव याहून निराळा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये जयपूर येथे संपादकांच्या एका परिषदेत तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी असे सुचविले, की गर्भलिंगनिदानावर बंदी घालण्याऐवजी प्रत्येक गर्भवतीच्या गर्भाचे लिंग सक्तीने नोंदवावे, म्हणजे पुढे मुलगी जन्मली की नाही यावर लक्ष ठेवता येईल. १९९४ च्या कायद्याच्या मुळावरच येणारे हे विधान होते. २०११ च्या जनगणनेत राजस्थानात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८८८ मुली उरल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९०९ होत्या. (महाराष्ट्राने नाक मुरडू नये, आपला आकडा ९१३ वरून ८९४ वर आला होता.) स्त्रीसंघटनांनी आक्षेप घेतला, की यामुळे डॉक्टर सुटेल आणि पाळत गर्भवतीवर बसेल. पुढे असा कोणताही प्रस्ताव सरकारपुढे नाही असा खुलासा झाला. वर्तमानपत्रांतून चार दिवस चर्चा झाली. २०१९ मध्ये मनेका गांधी सुलतानपूरहून निवडून आल्या आणि त्या प्रचारात हा विषय मुद्दा बनल्याचे दिसले नाही.

बस्सीचा स्वतःचा अनुभव तर याहून कठोर आहे. याच तहसिलीतील भटेरी गावच्या भंवरीदेवी या राज्याच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत होत्या. १९९२ मध्ये त्यांनी एका तान्ह्या मुलीचा बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न केला आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरला त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले. ‘खरा’ बलात्कार कोणता, तो कोण कोणावर करू शकतो आणि कोण करू शकत नाही, याविषयीच्या समजुती त्या निकालात उघडपणे डोकावत होत्या. एकिन यांच्या वाक्याशी त्यांचे जवळचे नाते आहे. निकालानंतर स्थानिक आमदाराच्या पुढाकाराने जयपुरात आरोपींच्या समर्थनार्थ मेळावा भरला. त्या मेळाव्यामुळे कोणाची राजकीय कारकीर्द संपली नाही. भंवरीदेवींच्या प्रकरणातून निघालेल्या याचिकेवर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध जे नियम घालून दिले, ते देशभर लागू झाले.

मग बस्सीसारख्या भागात गर्भपात आणि निवडणूक यांचा संबंधच नाही काय? आहे, आणि तो मिसूरीतल्यापेक्षा अधिक निकटचा आहे. फक्त त्याची दिशा उलटी आहे. १९९४ च्या राजस्थान पंचायत राज कायद्याने अशी अट घातली, की २७ नोव्हेंबर १९९५ नंतर ज्याला दोहोंपेक्षा अधिक अपत्य होईल तो पंचायतीची निवडणूक लढविण्यास अपात्र ठरेल. पुढे महाराष्ट्रानेही स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी अशीच अट आणली. जुलै २००३ मध्ये हरियाणाच्या तशाच कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविले. विशेष म्हणजे आमदाराला किंवा खासदाराला अशी अट नव्हती. ती होती सरपंचाला आणि पंचाला.

घटनादुरुस्तीने याच सुमारास पंचायतीत स्त्रियांना एकतृतीयांश जागा राखून दिल्या होत्या. म्हणजे एका हाताने स्त्रीला उमेदवारी देण्यात आली आणि दुसऱ्या हाताने अशी अट ठेवण्यात आली, की जी पाळणे न पाळणे बहुधा तिच्या हाती नव्हते. दोन मुलींनंतर मुलगा हवा असा आग्रह धरणारी सासू आणि नवरा निवडणुकीचा कायदा वाचून थांबत नाहीत. निर्मला बुच यांनी राजस्थानसह पाच राज्यांत या अटीच्या परिणामांचा अभ्यास केला. तिसरा गर्भ राहिल्यावर पद वाचविण्यासाठी केलेले गर्भपात, दत्तक दिलेली किंवा नाकारलेली मुले, सोडून दिलेल्या बायका असे अनेक प्रकार त्यात नोंदले गेले. येथे उमेदवाराने गर्भपाताविषयी एक अक्षरही उच्चारलेले नसते. सोनोग्राफीच्या केंद्रात गर्भाचे लिंग चोरून कळले, की मग हिशेब मांडला जातो: मुलगा असेल तर सरपंचपद सोडावे, मुलगी असेल तर गर्भ.

मध्य प्रदेश, हरियाणा इत्यादी राज्यांनी काही वर्षांतच ही अट मागे घेतली. जेथे ती राहिली तेथे पळवाटा शोधल्या गेल्या, आणि २०१८ मध्ये ओडिशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले, की तिसरे मूल दत्तक देऊन टाकले तरी ते मोजले जाईल. म्हणजे जन्माला आल्यावर काहीही केले तरी उपयोग नाही. अट चुकवावयाची तर जन्माआधीच चुकवावी लागे.